संध्याकाळचं हळदीकुंकू आणि प्रत्येकीचा एक फोटो

संक्रांत जवळ आली की गावोगावच्या बचत गटांत हळदीकुंकवाची तयारी सुरू होते. वाण काय द्यायचं, तिळगूळ कोण करणार, माईक कुणाचा आणायचा, हे सगळं ठरतं. फोटो मात्र कुणीच ठरवत नाही. ज्यांच्या हातात फोन असेल त्या आयत्या वेळी काढतील, असं धरून चालतो आपण. मग दुसऱ्या दिवशी गटाच्या व्हॉट्सॲपवर साठ-सत्तर फोटो येऊन पडतात. कुणाचे डोळे मिटलेले, कुणाचा चेहरा काळा, कुणाचा फक्त हात. एकीच्या डोक्यावर ट्यूबलाइट उगवलेली. चार दिवसांनी फोनची जागा भरली म्हणून ते सगळे पुसूनही टाकले जातात.

आज आम्ही त्याबद्दलच बोलणार आहोत. दोन साधे फोन, एक-दोन बल्ब आणि घरातली एक पांढरी चादर, एवढ्यावर संध्याकाळच्या कार्यक्रमात माणसांचे चांगले फोटो कसे काढायचे आणि त्यासाठी आधी काय तयारी करायची, ते सांगू. भारी कॅमेरा नाही, फोटोग्राफर नाही, असं धरूनच.

एवढा खटाटोप कशाला?

तुमच्यापैकी अनेकजणी म्हणतील, फोटो काय, कुणीतरी काढेलच की. गटाच्या अहवालाला चार फोटो लागतात, तेवढे मिळाले की झालं.

अहवालाला लागतात हे खरं. पण आपल्या गावातल्या साठीच्या पुढच्या बायका आठवा. त्यांचे फोटो किती आहेत? आधार कार्डावरचा एक. रेशनच्या कागदावर कधी काढलेला एखादा. लग्नातल्या घोळक्यात मागे उभ्या असलेल्या, अर्ध्या दिसणाऱ्या, असे एक-दोन. बाई गेली की भिंतीवर लावायला, हार घालायला फोटो शोधतात. मिळत नाही. मग कुठल्यातरी लग्नाच्या फोटोतून तिचा चेहरा कापून काढतात, मोठा करतात, आणि तो इतका धूसर होतो की नातवंडं विचारतात, ही आजीच का?

जन्मभर राबलेल्या बाईचा तिच्या मनासारखा एक फोटो असू नये, ही काही लहान गोष्ट नाही. हळदीकुंकवाला गावातल्या बायका एका जागी येतात, चांगलं लुगडं नेसून येतात, हसऱ्या असतात. अशी संध्याकाळ वर्षातून एकदाच मिळते. म्हणून आमचं म्हणणं असं, की कार्यक्रमाचे शंभर फोटो काढण्याच्या मागे लागू नका. आधी एक उजेडाची जागा तयार करा आणि येणाऱ्या प्रत्येकीचा तिथे एक नीट फोटो काढा. सामान कमी असलं की फोटो काढणारीने माणसांच्या मागे धावायचं नसतं. उजेड एका जागी बांधायचा आणि माणसांना तिथे बोलवायचं.

आधी उजेड समजून घेऊ

फोनला दिवसा जमतं ते रात्री का जमत नाही? फोनच्या कॅमेऱ्याचं भिंग आणि आतला उजेड टिपणारा तुकडा, दोन्ही अगदी लहान असतात. उजेड कमी असला की फोन जास्त वेळ 'डोळा उघडा' ठेवतो, म्हणजे पुरेसा उजेड आत येईल. दुपारच्या उन्हात हे काम क्षणाच्या शंभराव्या-हजाराव्या भागात होतं. अंधारात त्याला दहावा भाग, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. तेवढ्यात आपला हात हलतो किंवा समोरची मान वळवते, आणि चेहरा फिसकटतो. फोन वाईट नसतो, उजेड अपुरा असतो. म्हणून अर्धी तयारी उजेडाचीच करायची.

पहिली गोष्ट, संधिप्रकाश वापरा. सूर्य मावळल्यावर साधारण वीस-बावीस मिनिटं आकाशाचा मऊ उजेड असतो. त्यात चेहऱ्यावर सावल्या पडत नाहीत आणि डोळे मिचकावे लागत नाहीत. फोटोसाठी याहून चांगला उजेड फुकटात मिळत नाही. जानेवारीच्या मध्यावर कोल्हापूर-साताऱ्याकडे सूर्य सव्वासहा ते साडेसहाच्या दरम्यान मावळतो. नागपूर-गोंदियाकडे सहाच्या आधीच. तेव्हा कार्यक्रम सातचा असला, तरी फोटोसाठी बायकांना आधी बोलवा.

हिशेब करून बघा. चाळीस बायका येणार आणि प्रत्येकीला एक मिनिट धरलं, तरी चाळीस मिनिटं लागतात. संधिप्रकाश वीसच मिनिटांचा. म्हणजे सूर्य मावळायच्या अर्धा तास आधीच सावलीच्या जागी सुरुवात करायला हवी. म्हाताऱ्या बायका आणि लेकुरवाळ्या आधी घ्या, त्यांना थांबवू नका. शेतातून, कामावरून उशिरा येणाऱ्यांसाठी बल्बची सोय ठेवा. उशिरा येणारीच बहुतेक वेळा सगळ्यात जास्त राबून आलेली असते, तिचा फोटो राहायला नको.

दुसरी गोष्ट बल्बची. बल्ब जवळ असला की उजेड भरपूर, लांब गेला की तो फार झपाट्याने कमी होतो. अंतर दुप्पट झालं की उजेड निम्मा होत नाही, पावभर उरतो. तीन फुटांवर बसलेल्या बाईला जेवढा उजेड मिळतो, त्याचा चौथा हिस्सा सहा फुटांवरच्या बाईला मिळतो. म्हणून मांडवात वर टांगलेल्या दहा बल्बांपेक्षा चेहऱ्याजवळ आणलेला एक बल्ब कामाचा. बारा-पंधरा वॉटचा एलईडी बल्ब, होल्डर आणि लांब वायर एवढं पुरतं.

तिसरी गोष्ट, बल्ब कुठे ठेवायचा. डोक्यावर बरोबर वर ठेवला तर डोळ्यांच्या खोबणीत अंधार पडतो, नाकाची सावली ओठांवर येते, आणि तिशीतली बाई पन्नाशीची दिसते. समोरून नाकावर मारला तर चेहरा भाकरीसारखा सपाट दिसतो. बल्ब चेहऱ्यापेक्षा थोडा वर, एका बाजूला तिरका, चार-एक फुटांवर ठेवा. दुसऱ्या बाजूला पांढरी चादर दोरीवर टाका किंवा दोघींनी धरून उभ्या राहा. बल्बचा उजेड चादरीवर आपटून परत येतो आणि चेहऱ्याची अंधारी बाजू उजळते. चुन्याने रंगवलेली पांढरी भिंत असली तर तीच चादरीचं काम करते. स्टीलची परात मात्र वापरू नका, तिच्यातून उजेडाचे पट्टे चेहऱ्यावर उमटतात.

चौथी गोष्ट रंगाची. बल्ब दोन जातींचे मिळतात, पिवळसर आणि पांढरे. दोन्ही एकत्र लावले तर चेहरा एका बाजूने पिवळा आणि दुसऱ्या बाजूने निळा येतो. सगळे एकाच जातीचे घ्या. हळदीकुंकवासाठी पांढरा बरा. पिवळ्या उजेडात गालावरची हळद उठून दिसत नाही आणि कुंकू नारिंगी वाटतं. मांडवातल्या रंगीत, लुकलुकणाऱ्या माळा फोटोच्या जागेपासून लांब ठेवा.

आणि एक सावधगिरी. वायर अंगणात सोडताना पायात येणार नाही अशी कडेने न्या, वीट ठेवून दाबा. सडा टाकलेल्या ओल्या जमिनीवरून आणि पत्र्याच्या खांबाला गुंडाळून वायर नेऊ नका. जोड उघडे ठेवू नका. आकडा तर अजिबात नको. हॅलोजनचा दिवा खूप तापतो, त्याच्याजवळ चादर, पदर, मांडवाचं कापड येता कामा नये. फोटो पुन्हा काढता येतो, भाजलेला हात पहिल्यासारखा होत नाही.

जागा आदल्या दिवशी बघा

कार्यक्रम ज्या वेळी आहे, त्याच वेळी आदल्या दिवशी तिथे जा. समाजमंदिर असो, शाळेचा व्हरांडा असो की कुणाचं अंगण. एका मैत्रिणीला उभं करा आणि चार ठिकाणी तिचा फोटो काढून बघा. कुठे चेहरा स्वच्छ येतो, मागे काय दिसतं, प्लगची जागा कुठे आहे, हे तेव्हाच कळतं.

मागची भिंत साधी हवी. कॅलेंडर, खुंटीवरचे कपडे, पाण्याची टाकी मागे नको. बाईला भिंतीला चिकटवून उभी करू नका. तीन-एक फूट पुढे घ्या, म्हणजे तिची सावली भिंतीवर पडणार नाही. भिंत चांगली नसेल तर गडद रंगाचं एखादं नऊवारी किंवा सतरंजी दोरीवर टाका. चमकणारं कापड नको. फ्लेक्सचा बोर्ड मागे घेण्याची तर आपल्याकडे फार हौस. पण त्यावर दिवे असले की फोन त्या उजेडाला भुलतो आणि पुढची माणसं काळी पडतात. शिवाय फ्लेक्सवरचे पाहुणेच मोठे दिसतात, आपल्या बायका लहान.

आदल्या दिवशीच्या तयारीचं महत्त्व जुन्या लोकांनी चांगलं ओळखलं होतं. होमाई व्यारावाला हे नाव तुम्ही ऐकलं असेल. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. १९१३ साली नवसारीत जन्मल्या, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या आणि पुढे दिल्लीत साडी नेसून, जड कॅमेरा घेऊन स्वातंत्र्याच्या काळातले मोठे प्रसंग टिपत हिंडल्या. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. त्या काळात फ्लॅशचा बल्ब एकदा पेटला की संपला, दुसऱ्या फोटोला दुसरा बल्ब. फिल्मही मोजकी. म्हणून कुठे उभं राहायचं आणि कधी बटण दाबायचं, हे आधी मनाशी ठरवावं लागे. आपल्याकडे फोनमध्ये हजार फोटो मावतात, म्हणून आपण ठरवत नाही. ठरवलं तर आपलेही फोटो सुधारतात.

फोनची तयारी

फोन महागडा नसला तरी चालेल, पण पुढच्या गोष्टी दुपारीच करून ठेवा.

एक, भिंग पुसा. दिवसभर फोन हातात, कमरेला, पिशवीत असतो. तेलाचा हात लागलेला असतो. त्या चिकटपणामुळे दिव्याभोवती धुरकट वलय येतं. मऊ सुती कापडाने हलकेच पुसलं की निम्मी तक्रार मिटते.

दोन, जागा करा. एक फोटो साधारण तीन ते पाच एमबी जागा घेतो. म्हणजे एक जीबी रिकामी असली की दोनशेच्या वर फोटो मावतात. नको ते व्हिडिओ आधी काढून टाका.

तीन, चार्जिंग. दुपारी पूर्ण भरून ठेवा, कारण संध्याकाळी वीज असेलच असं नाही. फोटोचा फोन विमान मोडवर टाका, म्हणजे बॅटरी पुरते आणि मध्येच कुणाचा फोन येऊन काम थांबत नाही.

चार, कॅमेऱ्यातला 'ब्युटी' हा पर्याय बंद करा. तो चेहरा गोरा आणि गुळगुळीत करतो. आपल्या कपाळावरचं गोंदण, हसताना पडणाऱ्या सुरकुत्या, उन्हात रापलेला रंग, हे सगळं पुसून टाकतो. फोटोत बाई ओळखू यायला हवी, आणि तिचा रंग तिचाच असायला हवा. सावळा रंग फोटोत काळवंडतो तो उजेड कमी पडल्यामुळे. उजेड नीट दिला की तोच रंग तुकतुकीत दिसतो.

पाच, झूम नको. बोटांनी ओढून मोठं केलं की चित्र फाटल्यासारखं होतं. दोन पावलं पुढे जा. पण अगदी तोंडाजवळही फोन नेऊ नका, नाक मोठं आणि चेहरा फुगल्यासारखा येतो. चार-पाच फुटांवरून, कमरेपासून वरचा भाग येईल असा फोटो घ्या.

सहा, फोन स्थिर ठेवा. स्टुलावर ज्वारीची लहान पिशवी ठेवा आणि तिच्यात फोन टेकवा, तो हलत नाही. हातात धरायचा असेल तर दोन्ही कोपर अंगाला चिकटवा, श्वास सोडा आणि मग बटण दाबा. रात्रीचा म्हणजे 'नाईट' मोड असेल तर तो एक ते तीन सेकंद घेतो. तेवढा वेळ दोघींनीही हलायचं नाही. बसलेल्या आजीला ते जमतं, लहान मुलाला जमत नाही.

सात, पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवा. फोन त्या चेहऱ्याचा उजेड आणि स्पष्टपणा धरतो. बऱ्याच फोनमध्ये तिथे एक लहान सूर्य दिसतो. तो वर सरकवला की चेहरा उजळतो, खाली सरकवला की गडद होतो. पांढरी साडी नेसलेल्या बाईचा चेहरा बहुतेक वेळा काळा येतो, कारण फोन साडीच्या उजेडाला भुलतो. तिच्यासाठी हा सूर्य जरा वर घ्यावा लागतो.

फ्लॅशचं काय, असं सगळ्या विचारतात. फोनचा फ्लॅश सहा-आठ फुटांपलीकडे पोचत नाही, आणि जवळून मारला तर चेहरा पांढराफटक, मागे काळोख. वीजच गेली आणि दुसरा उपाय नसला, तर दुसऱ्या फोनचा टॉर्च वापरा. एकीने तो बाजूने, डोक्याच्या थोडा वर धरायचा आणि त्यावर पांढरा रुमाल किंवा पाण्याने भरलेली स्वच्छ बाटली धरायची. उजेड पसरतो आणि डोळ्यांत खुपत नाही.

आधी विचारा, मग फोन उचला

आता सगळ्यात महत्त्वाचं. फोटो आपण काढला तरी तो जिचा आहे तिचाच असतो. म्हणून तीन वेगळे प्रश्न विचारा. तुमचा फोटो काढू का? तो गटातल्या फोनवर पाठवू का? तो बाहेर, म्हणजे फेसबुकवर, वर्तमानपत्रात, अहवालात, देऊ का? पहिल्याला 'हो' म्हटलं म्हणजे तिसऱ्यालाही हो, असं नसतं. वहीत नाव लिहून पुढे तीन रकाने आखा आणि तिच्यासमोर खुणा करा. लिहिता-वाचता येत नसेल तिला वाचून दाखवा.

'नको' म्हणणारीला कारण विचारू नका. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून माहेरी येऊन राहिलेली असेल, तिचा ठावठिकाणा कळायला नको असेल. घरात वाद होणार असतील. किंवा तिला नुसतं आवडत नसेल, तेही कारण पुरेसं आहे. कार्यक्रमाच्या सुरुवातीला माईकवरून सांगा, की अमुक बाजूच्या सतरंजीवर बसलेल्यांकडे फोन वळणार नाही, ज्यांना हवं त्यांनी तिथे बसावं. आणि तो शब्द पाळा. लहान मुलींच्या फोटोबद्दल आईला विचारा, शाळकरी मुलीला स्वतःलाही विचारा. फोनच्या कॅमेऱ्यातली 'लोकेशन'ची नोंद बंद ठेवा, म्हणजे फोटोबरोबर जागेचा पत्ता जाणार नाही.

ही काळजी घेऊनही कुणाच्या फोटोचा गैरवापर झाला, धमकी आली, तर तिने लाजून गप्प बसू नये. धमकीचा मेसेज पुसू नका, तो पुरावा असतो. सायबर गुन्ह्यांसाठी १९३० आणि महिलांसाठी १८१ हे मदतीचे क्रमांक आहेत. तिच्याबरोबर पोलिस ठाण्यात जायला गटातल्या दोघी असल्या, तर तिचं बळ वाढतं.

कोण फोटोत येत नाही?

हळदीकुंकवाचे जुने फोटो बघा आणि मोजा, कोण नाही. नवरा वारलेल्या बायका नाहीत. त्या एक तर आल्याच नाहीत, किंवा मागे चहा करत होत्या. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात, इतर गावांनीही तसं करावं, असं परिपत्रक राज्य सरकारने काढलं. त्यानंतर गावोगाव ठराव झाले. पण ठराव कागदावर होतो आणि सतरंजीवर कोण कुठे बसतं ते वेगळंच असतं. फोटो हे स्पष्ट दाखवतो.

म्हणून आम्ही म्हणतो, फोटोच्या जागी बोलावताना यादी घरांप्रमाणे करा, सवाष्णींची नको. जी बाई 'मला कशाला, पोरींचे काढा' म्हणते, तिला दोनदा विचारा. पहिलं 'नको' बऱ्याचदा सवयीचं असतं. दुसऱ्यांदाही नको म्हणाली तर मात्र ते खरं धरा. कुंकू लावायचं की नाही हे तिचं तिने ठरवायचं. फोटोसाठी म्हणून कुणाच्या कपाळाला हात लावू नका.

आणखी कोण राहतं? स्वयंपाकघरातल्या, माईकची वायर धरणारी, दाराशी उभी राहून बघणारी, आणि हातात फोन असलेली.

समोर उभी राहिली की

फोन बघितला की बायका ताठ होतात, हात शरीराला चिकटतात, श्वास रोखला जातो. 'हसा, हसा' म्हणून हसू येत नाही. काकू, आत्या, मावशी, जी काय हाक असेल ती मारा आणि एखादी गोष्ट विचारा. यंदा हुरडा कसा होता? नात बोलायला लागली का? बोलून झाल्यावरच्या क्षणी चेहरा मोकळा असतो, तेव्हा बटण दाबा. आजीला हसायचं नसेल तर नको. गंभीर चेहराही तिचाच आहे.

हाताला काम द्या. पदर धरू दे, वाणाचं ताट धरू दे, नातवाच्या खांद्यावर हात ठेवू दे. फोन तिच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा. ती बसली असेल तर तुम्हीही खाली बसा, वरून काढलेल्या फोटोत माणूस केविलवाणा दिसतो. चष्मा असेल तर मान किंचित खाली घ्यायला सांगा, काचेतली चमक जाते. कपाळावरचा घाम टिपायला रुमाल ठेवा आणि एक आरसाही ठेवा, केस-पदर तिचा तिला सावरू दे. प्रत्येकीचे तीन फोटो काढा, एकात तरी डोळे उघडे असतात. लगेच तिला दाखवा आणि तिलाच निवडू द्या.

कार्यक्रम सुरू झाल्यावर

आता कमी उजेडात हालचाल टिपायची आहे. युक्ती एकच, थांबण्याचा क्षण पकडा. कुंकू लावणारीचं बोट कपाळाला टेकतं, तेव्हा हात क्षणभर थांबतो. वाण देताना दोघींचे हात ताटाखाली थांबतात. उखाणा घेणारी नाव घ्यायच्या आधी थबकते, आणि नाव घेतलं की बाकीच्या हसतात. तेव्हा फोन तिच्याकडे नाही, हसणाऱ्यांकडे वळवा. फुगडी पळत्या फोनमध्ये येत नाही. त्याऐवजी हात धरून सुरुवात करताना, किंवा दमून थांबल्यावरचा फोटो घ्या.

भाषणाचा फोटो काढताना बाजूला उभ्या राहा, समोरून माईक तोंडावर येतो. दिव्याकडे पाठ करून उभ्या राहा, म्हणजे उजेड समोरच्यांच्या चेहऱ्यावर पडेल. आणि अर्ध्या वेळाने फोन ठेवून तुम्हीही तिळगूळ खा.

काम चौघींत वाटून घ्या. एक फोटो काढेल, एक बल्ब आणि चादर बघेल, एक वहीत नावं आणि खुणा करेल, एक बायकांना हाक मारून आणेल. मधे अदलाबदल करा. म्हणजे फोटो काढणारीही फोटोत येते आणि चौघींना काम येतं.

नंतरचं काम टाळू नका

त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी बसा. फिसकटलेले आणि कुणाचा पदर ढळलेला, तोंड वाकडं आलेलं, असे फोटो पुसून टाका, ते कुठेही जायला नकोत. राहिलेले दुसऱ्या फोनवर किंवा गटाच्या पेनड्राइव्हवर उतरवा. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला की फोटो बारीक होतो. छापायचा असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, किंवा स्टुडिओत मूळ फोटोच न्या.

आणि छापाच. फोन पडतो, बिघडतो, विकला जातो. चार बाय सहा इंचाचा छापलेला फोटो ट्रंकेत राहतो. पुढच्या मासिक बैठकीत सगळ्यांना वाटा. फोटोच्या मागे हलक्या हाताने नाव, गाव आणि तारीख लिहा, जोर दिला तर पुढच्या बाजूला वळ उठतात. नाव तिचं स्वतःचं लिहा, नुसतं 'अमक्याची आई' नको.

शेवटी पिशवीत काय हवं ते पुन्हा एकदा सांगतो, लिहून घ्या. दोन चार्ज केलेले फोन. एकाच जातीचे दोन पांढरे बल्ब, होल्डर, लांब वायर. पांढरी चादर आणि दोरी. ज्वारीची लहान पिशवी, स्टूल. मऊ कापड, रुमाल, आरसा. वही आणि पेन.

यंदाच्या संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत ज्या गटांची हळदीकुंकवं आहेत, त्यांनी निदान साठीच्या पुढच्या बायकांपासून सुरुवात करावी. तिळगूळ घ्या, गोड बोला. नमस्कार.